जीपचे हेडलाइट दुरुस्त करायला दिले आणि ६८,३५० रुपयांना बुडालो

जुनी मिलिटरी जीप ज्याच्या दारात उभी आहे त्याने हे शेवटपर्यंत वाचावं. हेडलाइट लागत नाहीत, एवढीच तक्रार होती. तिच्यापायी माझे ६८,३५० रुपये गेले आणि गाडीचे युद्धकाळापासूनचे मूळ पार्टही गेले. ज्याने नेले तो आजही जीपवाल्यांत ‘आर्मी गाड्यांचा स्पेशालिस्ट’ म्हणून मिरवतो. नाव लिहिलं तर अब्रुनुकसानीची नोटीस मलाच येईल, असं वकील म्हणाले. म्हणून नाव लिहीत नाही, त्याची पद्धत लिहितो.

गाडी फोर्ड जीपीडब्ल्यू, १९४३ ची, सैन्याच्या डिस्पोजल विक्रीतून आलेली, वडिलांनी घेतलेली. सगळी सहा व्होल्टची. पूर्ण उघडून ऑलिव्ह ग्रीन रंग मारून घेतला आणि त्यानंतर लगेच उजवा दिवा बंद, डावा काजव्याएवढा. रंग मारल्यावर लगेच बिघाड आला, हे ध्यानात ठेवा.

हा माणूस आला. व्हिजिटचे १,५०० आधी घेतले. या गाडीचा लाइट स्विच ओढायचा असतो. पहिल्या टप्प्यावर फक्त ब्लॅकआउटचे बारीक दिवे लागतात. हेडलाइटसाठी लॉकचं बटण दाबून आणखी ओढावं लागतं, म्हणजे लढाईत अंधारात चुकून मोठे दिवे लागू नयेत. त्याने बटण न दाबता दांडा ओढला आणि म्हणाला, “साहेब, स्विच जाम.” मी बटण दाबून दाखवलं, तर म्हणे आतून झिजलाय. ज्याला हे बटण माहीत नाही तो या गाड्यांचा जाणकार नाही. तुमच्याकडे कोणी आला तर आधी त्याला स्विच चालवून दाखवायला सांगा.

आता ज्या क्षणामुळे मला अजून झोप लागत नाही तो सांगतो. त्याने पिशवीतून एक वायर काढली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं, दुसरं उजव्या दिव्याच्या बाउलला, म्हणजे दिवा ज्यात बसतो त्या लोखंडी वाटीला, टेकवलं. दिवा लख्ख लागला! समोरच्या भिंतीवर उजेड पडला. दोन सेकंदांत त्याने वायर काढून घेतली आणि म्हणाला, “हा नुसता झटका आहे, लोड आल्यावर टिकणार नाही.” मी तिथे उभा होतो, डोळ्यांनी पाहत होतो. बल्ब चांगला, स्विच चांगला, वायरिंग चांगलं, फक्त बॉडीचं अर्थिंग, म्हणजे करंटला बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट, मिळत नाही, हे त्या दोन सेकंदांत सिद्ध झालं होतं. पण मी काही इलेक्ट्रिशियन नाही. डॉक्टरने रिपोर्ट बघून सांगितलेलं आपण ऐकतो, तसं ऐकलं. आणि समोरचा माणूस ‘टीएम ९-८०३’, म्हणजे या जीपच्या अमेरिकन सैन्याच्या १९४४ च्या मॅन्युअलचा नंबर तोंडपाठ म्हणत होता. कोणीही विश्वास ठेवला असता.

मग रकमा सुरू झाल्या. नवीन वायरिंग १८,५००. स्विच आणि सर्किट ब्रेकर ११,२००. सीलबीमची, म्हणजे काच आणि बल्ब एकत्र असलेल्या दिव्यांची, जोडी ९,८००. काम झाल्यावर दिवे लागले, पण लालसर, मेलेले. म्हणे बॅटरी चार्ज होत नाही, जनरेटर ओव्हरहॉल करावा लागेल. त्याचे १४,६००. वर मजुरी १२,७५०. सगळे यूपीआयने, आणि बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान. काढलेले पार्ट मागितले तर “साहेब, भंगार आहे, मी टाकून देतो, तुमची जागा कशाला अडवता.”

ते भंगार नव्हतं. फोर्डने या जीपच्या बारीकसारीक पार्टवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, आपला वळणदार ‘एफ’ ठोकलेला असतो. मूळ स्थितीत गाडी जपणारे असे पार्ट शोधत फिरतात. माझे ‘एफ’वाले दोन्ही बाउल, लॉकवाला स्विच आणि डाव्या मडगार्डवरचा ब्लॅकआउट दिवा तो घेऊन गेला. ब्लॅकआउट दिव्याचा तर या कामाशी संबंधच नव्हता! जुना पार्ट एक स्क्रूसुद्धा घराबाहेर जाऊ देऊ नका.

पहिल्याच पावसाळी रात्री दोन्ही दिवे पूर्ण गेले. शेवटी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या वायरमन काकांकडे गाडी नेली. या जीपचे हेडलाइट बिजागरीवर असतात, नट सैल करून उलटे फिरवले की इंजिनवर उजेड पडतो. काकांनी ते फिरवले आणि मागचं सगळं उघडं पडलं. त्याने बसवलेल्या बाउलमागे त्यानेच एक बारीक काळी वायर अर्थिंगसाठी चेसिसच्या स्क्रूखाली नुसती पिळून अडकवलेली, ती निसटली होती. म्हणजे रोग त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता! ब्रॅकेट, बिजागरी, ग्रिल, प्रत्येक सांध्यात रंगाचा जाड थर; करंट परत जायला वाटच नव्हती. ‘नवीन वायरिंग’ म्हणजे जुन्याच सुती वेणीच्या वायरी, टोकांना नवे लग, म्हणजे स्क्रूला जोडायच्या धातूच्या टोप्या, आणि वर चकचकीत टेप. सीलबीमच्या काचेवर बारा व्होल्ट लिहिलेलं. बाराचा दिवा सहावर लावला तर उजेड जेमतेम दहावा हिस्सा पडतो, जनरेटरला काहीही झालेलं नव्हतं.

काकांनी सांधे पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, दातेरी वॉशर टाकले, सहा व्होल्टची सीलबीम मिळवून बसवली. मजुरी ३०० रुपये.

घरी व्होल्ट मोजायचा एक मीटर ठेवा. दिवे चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बाउलच्या उघड्या धातूला लावा. काटा शून्याजवळ हवा. सहा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट वाटेत गळाला तरी उजेड पाव हिश्शाने कमी होतो. दिवे ठरावीक अंतराने विझून परत लागत असतील तर स्विचमागचा ब्रेकर तापून करंट तोडतोय, कुठेतरी शॉर्ट शोधा. लांबचा किंवा जवळचा एकच बीम जात असेल तर क्लचजवळचा पायाचा डिमर स्विच बघा, पावसाचं पाणी तिथेच साचतं.

चौकीवर तक्रार घ्यायला तयार नाहीत. “पैसे तुम्ही स्वतः दिलेत, हा दिवाणी मामला आहे.” मी म्हटलं, साहेब, पार्ट चोरलेत. तर म्हणे जुन्या लोखंडाची काय तक्रार, ते तुम्हीच दिलं असणार. सायबरवाले म्हणतात माणूस घरी आला होता, हे ऑनलाइन नाही. बँक म्हणते व्यवहार तुमच्या पिनने झालाय. प्रत्येकजण पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो आणि तोवर तो माणूस पुढचं गिऱ्हाईक गाठतो! खोटं सांगून पैसे काढणं ही फसवणूक नाही, तर भारतीय न्याय संहितेतलं ३१८ कलम कशासाठी आहे? चौकीवर गुन्हा नोंदवत नसतील तर तोंडी भांडू नका. लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ (४) खाली तो तुमचा हक्क आहे, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जा. मी पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज टाकलाय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पक्कं बिल हवं होतं, ते कामाआधीच मागा.

माझ्या डाव्या बाउलच्या खालच्या कडेला पितळेने भरलेली एक जुनी चीर आहे, आतल्या बाजूला ‘एफ’चा शिक्का. स्विचच्या मागे वडिलांनी खिळ्याने कोरलेलं ‘दि’ अक्षर आहे. हे पार्ट कोणी विकायला आणले तर घेऊ नका, विकणाऱ्याचा नंबर आणि पार्टचा फोटो घेऊन मला कळवा.