ई-रीडर घेताना मराठी वाचकाने पैसे कशाचे मोजावेत

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी दोन आकडे बघतात: किती जीबी आणि बॅटरी किती आठवडे. मराठी वाचणाऱ्याने त्याआधी स्वतःला विचारावं, की आपली पुस्तकं कुठून येणार? ॲमेझॉनच्या किंडल या रीडरच्या ऑनलाइन दुकानातून, बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या संकेतस्थळावरून, की संगणकात साठलेल्या पीडीएफमधून? अर्धी निवड या उत्तरावरच ठरते. हा विचार न करता घेतलेला सतरा हजारांचा रीडर महिन्याभरात कपाटात जातो.

किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळतात. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमसोबत मराठी तेव्हा आली. ही पुस्तकं युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत असतात, त्यामुळे अक्षर लहानमोठं करता येतं आणि ओळी आपोआप नीट बसतात. वाचन मुख्यतः इथून होणार असेल तर किंडल घ्यावा. बुकगंगावर घेतलेली ई-पुस्तकं मात्र त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात आणि ते ॲप किंडलवर चालत नाही. तिथे पन्नासेक पुस्तकं घेऊन ठेवली असतील तर अँड्रॉइडवर चालणारा रीडर हवा, नाहीतर ती फोनवर वाचायची तयारी हवी.

तिसरा साठा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अवघड. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची संकेतस्थळावरची पुस्तकं, ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं, जुन्या ग्रंथांचे स्कॅन हे बहुतेक सगळं पीडीएफ असतं. पीडीएफचं पान ठरलेल्या मापाचं असतं, त्यामुळे इथे आधी फूटपट्टी काढावी. ६ इंची स्क्रीन साधारण ९ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच असते. ७ इंची स्क्रीन जवळपास १०.७ सेंमी रुंद आणि १४.२ सेंमी उंच. ए-४ पान २१ सेंमी रुंद असतं. ते ६ इंची स्क्रीनवर बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटचं होतं. ते वाचवत नाही. पण मराठी पुस्तकांचा नेहमीचा डेमी आकार १४ सेंमीच रुंद असतो. समास कापले की मजकुराची रुंदी साडेदहा सेंमीच्या आसपास उरते, म्हणजे ७ इंची रीडरवर छापील पुस्तकाएवढंच अक्षर दिसतं आणि ६ इंचीवरही चालून जातं. ए-४ पान ७ इंचीवर आडवं करून वाचलं तर १२ पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटचं दिसतं. थोडं वाचायला ठीक, पण दोनशे पानं नकोत. रोज ए-४ अहवाल किंवा प्रबंध वाचणाऱ्याने १० इंची रीडरच बघावा.

पीडीएफ सरळ ईपबमध्ये, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणाऱ्या फाइलमध्ये, बदलून घ्यावी असा मोह होतो. त्याआधी एक छोटी परीक्षा करा. संगणकावर पीडीएफ उघडून एक परिच्छेद कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर पुस्तक श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. ते कितीही वेळा बदललं तरी तीच खिचडी मिळणार, कारण फाइलमध्ये देवनागरी अक्षरं नाहीतच, रोमन अक्षरांना फॉन्टने दिलेले देवनागरी आकार आहेत. काहीच कॉपी झालं नाही तर ते स्कॅन आहे. मजकूर देवनागरीत आला तरी पहिल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर आहेत का, ते तपासा. पीडीएफमधून मजकूर काढताना ‘कि’ची वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटणं नेहमीचं आहे. जुन्या फॉन्टच्या आणि स्कॅन केलेल्या पुस्तकांना के-टू-पीडीएफ-ऑप्ट हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं लागू पडतं. ते शब्दांची चित्रं कापतं आणि छोट्या पानावर नव्या ओळींत बसवतं, त्यामुळे फॉन्ट कोणता याने फरक पडत नाही. मंडळाची आणि प्रतिष्ठानची पुस्तकं वाचायची असतील तर हे शिकण्यात घालवलेला तास वाया जाणार नाही.

आता यंत्राकडे वळू. घासाघीस करू नये अशी एकच गोष्ट आहे: ३०० पीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके. इंग्रजी अक्षर १६७ पीपीआयवर खपून जातं. देवनागरीत एका अक्षराच्या उंचीत शिरोरेषा, वर मात्रा, रफार किंवा अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर एवढं सगळं मावायला हवं. ठिपके कमी असले की ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखेच दिसतात, ‘र्त्य’चा रफार पुसट होतो आणि अनुस्वार धुळीच्या कणासारखा वाटतो. २०१९ चा साधा किंडल १६७ पीपीआयचा होता आणि जुन्या मालाच्या बाजारात अजून स्वस्तात मिळतो. इंग्रजीसाठी खुशाल घ्या, मराठीसाठी नको. २०२२ च्या साध्या किंडलला ३०० पीपीआय आले. १५८ ग्रॅम वजन, १६ जीबी, यूएसबी-सी आणि भारतात येतानाची किंमत ९,९९९ रुपये. मराठी कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यासाठी पैशाचा सगळ्यात चांगला मोबदला याच यंत्रात आहे.

किंडलचाच वरचा प्रकार म्हणजे पेपरव्हाइट. त्याचा २०२१ चा नमुना आला तेव्हा ८ जीबीचा होता, ६.८ इंची स्क्रीन आणि १३,९९९ रुपये. पुढचा, २०२४ चा, भारतात २०२५ मध्ये १६,९९९ रुपयांना आला: ७ इंच, १६ जीबी, २११ ग्रॅम. म्हणजे साध्या किंडलपेक्षा सात हजार जास्त. त्यात मिळतं काय? मोठी स्क्रीन, पिवळसर प्रकाश, पाण्यापासून संरक्षण (आयपीएक्स-८) आणि जास्त टिकणारी बॅटरी. यातली स्क्रीन पीडीएफ वाचणाऱ्याला खरोखर उपयोगी पडते, हिशोब वर दिलाच आहे. पिवळसर प्रकाश रात्री दिवा मालवून वाचणाऱ्याच्या डोळ्यांना सुखाचा वाटतो. दिवसा खिडकीपाशी वाचणाऱ्याला तो वर्षातून दोनदाही लागणार नाही. आयपीएक्स-८ म्हणजे २ मीटर गोड्या पाण्यात ६० मिनिटं. समुद्राच्या पाण्याला ही मुभा पाव मीटर आणि ३ मिनिटं एवढीच आहे, त्यामुळे कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर नेलात तर गोड्या पाण्याने धुवा आणि केबलची खोबणी पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

बॅटरीचे आठवडे कंपन्या कसे मोजतात, हे समजून घेण्यासारखं आहे. पेपरव्हाइटचे १२ आठवडे रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद आणि प्रकाश २४ पैकी १३ वर असं धरून काढलेले आहेत. बारा गुणिले सात गुणिले अर्धा, म्हणजे ४२ तास. साध्या किंडलचे ६ आठवडे म्हणजे २१ तास. रोज दोन तास वाचणाऱ्याला पहिला तीन आठवडे पुरतो, दुसरा दहा दिवस. दहा दिवसांनी एकदा चार्जर लावणं ही काही अडचण नव्हे. फक्त बॅटरीसाठी महागडा रीडर घेऊ नका.

साठवणुकीचंही तसंच. नुसत्या मजकुराची कादंबरी एक-दोन एमबीची असते. १६ जीबीत हजारो मावतात. ३२ जीबी स्कॅन, कॉमिक्स किंवा श्राव्य पुस्तकांचा मोठा साठा बाळगणाऱ्यालाच लागते. पेपरव्हाइटच्या महागड्या सिग्नेचर आवृत्तीत ती मिळते, सोबत प्रकाश आपोआप कमीजास्त होणं आणि बिनतारी चार्जिंग. ही सगळी हौस आहे. तेवढ्या पैशांत दहा चांगली मराठी पुस्तकं येतात.

रंगीत ई-इंकचा, म्हणजे ई-रीडरच्या कागदासारख्या स्क्रीनच्या रंगीत प्रकाराचा, सध्या बराच गाजावाजा आहे. कॅलिडो ३ या स्क्रीनवर काळं-पांढरं ३०० पीपीआयने दिसतं, पण रंग फक्त १५० ने. रंगासाठी स्क्रीनवर गाळणीचा एक थर असतो, त्यामुळे पांढरं पान करडं दिसतं आणि दिवा जास्त वेळ लावून ठेवावा लागतो. मुलांची चित्रांची पुस्तकं किंवा नकाशे बघायचे असतील तर ठीक. केवळ मजकूर वाचणाऱ्याने रंगासाठी पैसे देऊन वाईट कागद विकत घेऊ नये.

किंडलचा खरा दोष यंत्रात नाही, दुकानात आहे. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने रीडरमध्ये टाकायची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. बाहेरून आणलेली ईपब फाइल केबलने नुसती टाकली तर किंडलला दिसत नाही. ती ॲमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ या सेवेने पाठवावी लागते किंवा कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एझेडडब्ल्यू-३ या किंडलच्या फाइलप्रकारात बदलून टाकावी लागते. मोबी ही किंडलची जुनी फाइल तर ‘सेंड टू किंडल’ आता घेतच नाही.

कॅलिबरमध्ये फाइल बदलताना पुस्तकाची भाषा ‘मराठी’ नोंदवा. त्याचा फायदा डोळ्यांना दिसतो: यशोमुद्रा, शोभिका किंवा टिरो देवनागरी मराठी अशा फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. हिंदी वळणाचा ‘ल’ पानोपानी वाचणं मराठी डोळ्याला टोचतं. फॉन्ट घालणं सोपं आहे: किंडल केबलने जोडा, फॉन्टची टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये टाका, साधा आणि ठळक दोन्ही नमुने घाला, सुरक्षित काढून घ्या आणि पुस्तक उघडून अक्षराच्या खिडकीत तो निवडा. मॅकवर नव्या किंडलसाठी फाइल हलवायचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ओळींतलं अंतर मधल्या पायरीपेक्षा एक पायरी वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. मजकूर दोन्ही कडांना ताणण्याऐवजी डावीकडे जुळवा. मराठी सामासिक शब्द लांब असतात, ताणलेल्या ओळीत त्यांच्यामुळे मोठी भोकं पडतात.

या दुकानाशी बांधून घ्यायचं नसेल त्याच्यासाठी कोबो या दुसऱ्या कंपनीचे रीडर आहेत. क्लारा बीडब्ल्यू २०२४ मध्ये १२९.९९ डॉलरला आला. ६ इंच, ३०० पीपीआय, पिवळसर प्रकाश आणि आयपीएक्स-८ हे सगळं त्यात आहे, म्हणजे पेपरव्हाइटचे गुण लहान अंगात. ईपब फाइल केबलने टाकली की झालं. त्यावर केओरीडर हे मोफत सॉफ्टवेअर घालता येतं आणि त्यात पीडीएफचे समास कापायची सोय किंडलपेक्षा पुष्कळ चांगली आहे. अंगठा दुखणाऱ्या किंवा एका हाताने वाचणाऱ्या ज्येष्ठांसाठी कोबोच्याच लिब्रा कलरची पान उलटायची बटणं मोलाची आहेत, कारण बटणांचा किंडल ओॲसिस आता बंद झाला आहे. कोबो भारतात अधिकृतपणे विकला जात नाही, म्हणून परदेशातून आणवलेल्या यंत्राला इथे हमी नाही हे धरूनच हिशोब करा. अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळींना मात्र हा रीडर फार सोयीचा, गावातल्या ग्रंथालयाची पुस्तकं ओव्हरड्राइव्ह (लिबी) या ई-पुस्तकं उसनी देणाऱ्या सेवेतून थेट त्यावर येतात.

बुकगंगावाल्यांसाठी ओनिक्स बूक्ससारखे अँड्रॉइड रीडर. किंडल ॲप, बुकगंगा ॲप, वर्तमानपत्रं सगळं एकाच यंत्रात. त्याची किंमत बॅटरीत मोजावी लागते आणि फोनसाठी बनवलेली ॲप ई-इंकवर अडखळतात. सरकवताना मागच्या पानाची सावली उरते. प्रत्येक ॲपसाठी रिफ्रेशची, म्हणजे स्क्रीन पुसून पुन्हा उमटवायची, पद्धत वेगळी लावून घ्यावी लागते आणि ॲपमध्ये सरकवण्याऐवजी पान उलटायचा पर्याय निवडावा लागतो. सेटिंगमध्ये हात घालायचा कंटाळा असेल तर हा रस्ता धरू नका. विक्रेत्याकडून हमी कोण देणार, हे लेखी घ्या.

वापरलेला रीडर घेताना तो विकणाऱ्याच्या खात्यातून काढलेला आहे याची खात्री समोरच करा, पुसून पुन्हा सुरू करायला लावा आणि तुमच्या खात्यावर नोंदवूनच पैसे द्या. कोऱ्या पानावर रेषा किंवा डाग आहेत का बघा, दिवा पूर्ण लावून कडांना काळपट पट्टे दिसतात का बघा, चारही कोपऱ्यांत स्पर्श चालतो का तपासा. २०१८ चा पेपरव्हाइट ३०० पीपीआयचा आहे आणि आजही मराठीला उत्तम, फक्त चार्जिंग जुन्या मायक्रो-यूएसबीने.

नवा असो वा जुना, कडक झाकणासाठी पैसे बाजूला ठेवा. ई-इंक स्क्रीनच्या आत बहुधा पातळ काच असते. दप्तरात डबा किंवा छत्रीची मूठ दाबली गेली की बाहेर चरा न दिसता आत तडा जातो, अर्ध्या पानावर रेषा गोठतात आणि स्क्रीन बदलायचा खर्च नव्या साध्या रीडरच्या जवळ पोचतो. बॅगेत ठेवताना स्क्रीनची बाजू पुस्तकाकडे किंवा वहीकडे करून ठेवा.