जुना स्टीरिओ रिसिव्हर: आठ महिने रोज वापरल्यावर

आधीच सांगून टाकतो, माझ्या रिसिव्हरचं (म्हणजे ॲम्प्लिफायर आणि रेडिओ एकाच डब्यात असलेल्या यंत्राचं) मॉडेल मी इथे देणार नाही. लपवण्यासारखं काही नाही. पण मी स्वतः चार महिने मॉडेलचे नंबर घोकत बसलो होतो, आणि शेवटी घेतलेला रिसिव्हर त्या यादीत नव्हताच. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातला आहे, तोंड चंदेरी, दर चॅनलला (डाव्या-उजव्या बाजूला प्रत्येकी) ३० वॅट, आणि उचलताना कंबर सांभाळावी लागते, एवढी ओळख पुरे. घरी आल्यापासून रोज दोन-तीन तास चालतोय. मध्ये एकदा पंधरा दिवस दुरुस्तीला गेला होता, त्याबद्दल पुढे येईलच.

हातातली रक्कम बेताची होती. तिचे पहिल्याच दिवशी तीन वाटे केले: दोन यंत्राला, एक दुरुस्तीला. या तिसऱ्या वाट्याला हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं. तो मोह दोनदा झाला. दोन्ही वेळा समोर जास्त वॅटचा, जास्त देखणा रिसिव्हर होता आणि विकणारा म्हणत होता, "याला काही करायची गरज नाही." पन्नास वर्षांच्या यंत्राबद्दल कुणी असं म्हणालं की समजावं, त्याचं झाकण गेल्या पन्नास वर्षांत उघडलेलं नाही.

वॅटचं वेड माझ्या डोक्यातून कसं उतरलं ते सविस्तर सांगतो, कारण पैसे खरे तिथेच वाचतात. १९७४ पूर्वी जाहिरातींत 'म्युझिक पॉवर' वगैरे नावांनी कसेही आकडे छापले जायचे. त्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला: घरगुती ॲम्पची ताकद सलग मिळणारी सांगायची, आणि ती किती ओहमच्या (विद्युत रोधाच्या) स्पीकरवर, किती फ्रिक्वेन्सीपासून किती फ्रिक्वेन्सीपर्यंत, किती डिस्टॉर्शनसह (आवाजातल्या बिघाडासह), हेही सोबत छापायचं. त्यानंतरचे आकडे त्यामुळे बऱ्यापैकी प्रामाणिक आहेत. मग कंपन्यांची प्रामाणिक आकड्यांचीच शर्यत लागली. पायोनियरचा एसएक्स-१२५० हा १९७६ मध्ये १६० वॅटवर गेला आणि १९७८ मध्ये एसएक्स-१९८० हा २७० वर. आज बाजारात डोळे फिरवणाऱ्या किमती या शर्यतीतल्या घोड्यांच्या आहेत.

पण वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. नीट लक्ष दिलं तर कळेल, इतकाच. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायचा तर साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे ३० आणि ४५ वॅटच्या दोन रिसिव्हरमधला फरक किमतीत ढीगभर आणि खोलीत चिमूटभर. माझ्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (ठराविक ताकदीत किती मोठा वाजतो ते) ८७ डेसिबल आहे, फार चांगली नाही. तरी घेतल्यावर एकदा १०० हर्ट्झचा सूर वाजवून, मी नेहमी ऐकतो तितका आवाज ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला. दोन व्होल्टही भरले नाहीत. आठ ओहमवर दोन व्होल्ट म्हणजे अर्धा वॅट. गाण्यात अचानक उसळी येते तेव्हा याच्या दहा-वीस पट लागते हे खरं, पण तीही ३० मध्ये आरामात बसते. स्पीकर फारच आळशी असतील किंवा दिवाणखाना सभागृहाएवढा असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर २० ते ३५ वॅटच्या टप्प्यात शोधा. मोठ्यांच्या मागे लागलेली गर्दी या टप्प्यात कमी असते.

पहिला रिसिव्हर बघायला गेलो तो मी पसंत करूनच गेलो होतो. फोटोत आरशासारखा. प्रत्यक्षातही तसाच. चालू केला, आवाज शून्यावर होता, तरी उजव्या स्पीकरमधून मंद घूं ऐकू येत होतं. विकणारे म्हणाले, जरा साफ केलं की जाईल. साफ केल्याने खरखर जाते, घूं जात नाही. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही ते येतंय म्हणजे उगम व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात आहे, बहुधा पॉवर सप्लायच्या वाळलेल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) किंवा आउटपुटमध्ये. तोंड घासून चकचकीत केलेलं यंत्र, आणि आत कुणी पाहिलेलं नाही. परत आलो. येताना फार वाईट वाटत होतं, हेही कबूल करतो.

दुसरा एका गृहस्थांकडचा. ते तो रोज ऐकत होते. वरच्या लाकडाचा एक कोपरा फुटलेला, डायलमागचा एक दिवा गेलेला, आणि समोर कुठल्याशा स्टिकरचा चौकोनी डाग. मी आधीच फोन करून विनंती केली होती की मी येईपर्यंत चालू करू नका. गरम यंत्र बऱ्याच खोड्या लपवतं. गार अवस्थेत बटण दाबलं, चार-पाच सेकंदांनी आत 'टक्' झालं. हा रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आपोआप खटक्याचा, आवाज. ॲम्पच्या आउटपुटला डीसी (एकाच दिशेची वीज, जी स्पीकर जाळू शकते) येत असेल तर रिले जोडणी देत नाही आणि स्पीकर वाचतात. ज्या यंत्रात रिले आहे आणि टक् होतच नाही, ते मुकाट्याने ठेवून द्यावं, स्वतः दुरुस्त करता येत असेल तरच घ्यावं.

सोबत काय नेलं होतं: जळाले तरी चालतील असे दोन छोटे स्पीकर, फोन आणि त्याची आरसीए केबल, हेडफोन, मल्टिमीटर, आणि एफएमसाठी दीड मीटर साधी तार. प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, प्रत्येक खटका चार वेळा दाबला. खरखर भरपूर आली, तिची मला फिकीर नव्हती. बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे नेऊन दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकल्या. मग गाणं बंद करून, आवाज शून्यावर ठेवून, टर्मिनलवर डीसी मोजला: एकीकडे १८ मिलिव्होल्ट, दुसरीकडे ६४. पन्नासच्या आत असावा असा माझा हिशेब होता, तेव्हा ६४ म्हणजे लक्ष ठेवायला हवं, पण घाबरण्यासारखं नाही. तासभर वाजवत गप्पा मारल्या आणि शेवटी वरच्या जाळीतून हात धरून दोन्ही बाजूंची ऊब सारखी आहे ना ते पाहिलं. गृहस्थ मधूनमधून हसत होते. घासाघीस मी फक्त त्या ६४ मिलिव्होल्टवर केली. फुटका कोपरा आणि डाग यांचे पैसे त्यांनी आपणहून कमी केले होते.

'बंद पडलेला' म्हणून स्वस्तात विकले जाणारे काही रिसिव्हर बंद पडलेले नसतातच. समोर 'टेप मॉनिटर' नावाचं बटण असतं. ते दाबलेलं राहिलं की यंत्र टेपरेकॉर्डरकडून येणाऱ्या आवाजाची वाट बघत बसतं, आणि टेपरेकॉर्डर नसतो. किंवा मागे प्री-आउट आणि मेन-इन (ॲम्पच्या पहिल्या भागातून बाहेर आणि दुसऱ्यात आत जाणारे जॅक) यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या पिना हरवलेल्या असतात. पिन नाही तर तो चॅनल मुका. साधी केबल जोडली तरी काम होतं. माझ्याकडे याच पिना काळ्या पडल्या होत्या आणि महिनाभर डावा चॅनल मधूनच खोल जायचा. काढून घासल्या, संपलं.

उलट, दिसायला ठीक पण टाळावेत असेही काही आहेत. काही मॉडेलमध्ये आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर न लावता एसटीके नावाचा एकच मोठा पॅक असतो. चालतो तोवर उत्तम, पण गेला तर मूळ पॅक आता बनत नाहीत आणि नकली मालाचा सुळसुळाट आहे. कमी पैशांत घेणाऱ्याने सुट्या ट्रान्झिस्टरवाला बघावा, त्यांना पर्याय मिळतो. दुसरं, मागची व्होल्टेजची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नये. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेला रिसिव्हर १०० व्होल्टचा असतो आणि त्याचा एफएम बहुधा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा, त्यामुळे इतर ठिकाणी बहुतेक डायल निरुपयोगी. आणि फ्यूज काढून बघा. मी एके ठिकाणी फ्यूजभोवती चॉकलेटची चांदी गुंडाळलेली पाहिली आहे.

आता आठ महिन्यांचा हिशेब. पहिल्या आठवड्यात झाकण उघडून, प्लग काढून, बराच वेळ थांबून सगळ्या पॉटमध्ये (नॉबमागच्या फिरत्या रोधांत) आणि खटक्यांत इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. घरातलं गंज सोडवायचं तेल यासाठी नाही, ते धूळ धरून बसतं. ट्यूनरच्या पात्यांच्या कपॅसिटरवर काहीच मारायचं नाही, नाहीतर स्टेशनं जागा सोडतात. हे सगळं वाचून गेलो होतो, पाळलंही, आणि शेवटच्या क्षणी स्क्रूड्रायव्हरचं टोक डायलच्या दोऱ्यात अडकवून दोरा पुलीवरून उतरवला. पुढची संध्याकाळ चिमटा आणि टॉर्च घेऊन गेली. दोरा कसा गुंडाळलेला आहे याचा फोटो आधी काढून ठेवा, एवढंच म्हणेन.

तिसऱ्या महिन्यात उजवी बाजू हळू आवाजात गायब व्हायची आणि मोठ्याने लावलं की परत यायची. हा रिलेचे कॉन्टॅक्ट काळवंडल्याचा नमुनेदार लक्षण-समूह. रिले बदलायचा तर सोल्डरिंग आलं, आणि तो ६४ चा आकडा आता ७० वर गेला होता, म्हणून राखून ठेवलेला तिसरा वाटा काढला. कारागिराने रिले, पॉवर सप्लायचे आणि सिग्नलच्या वाटेतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, दोन-चार छोटे ट्रान्झिस्टर बदलले आणि बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणारा थोडासा प्रवाह) पुन्हा लावून दिला. डीसी दोन्हीकडे दहाच्या आत आला. ते पैसे मी आधी यंत्रात घातले असते तर रिसिव्हर महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडला असता.

आवाजाबद्दल. जुन्या यंत्रांचा 'उबदार' आवाज, ही जी ख्याती आहे, तिच्यातला निम्मा भाग माझ्या मते लाउडनेसच्या (हळू आवाजात खर्ज वाढवणाऱ्या) बटणाचा आहे, जे बहुतेकांकडे कायम दाबलेलं असतं. मी टोनचे नॉब मध्यावर, लाउडनेस बंद, दोन्हींचा आवाज मीटरने सारखा करून आजच्या एका छोट्या क्लास-डी ॲम्पशी तुलना केली. फरक शोधावा लागला. मग लाउडनेस दाबलं आणि रात्रीच्या हळू आवाजात तबल्याचा डग्गा पुन्हा खोलीत आला. हळू ऐकताना कानाला खर्जाचे सूर कमी ऐकू येतात हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, आणि सत्तरच्या दशकातल्या जवळजवळ प्रत्येक रिसिव्हरवर त्यावरचा उपाय बटणाच्या रूपात होता. यामाहाच्या सीआर मालिकेत तर तो कमी-जास्त करायचा वेगळा नॉब आहे, त्याबद्दल मला अजून हेवा वाटतो.

रेकॉर्ड प्लेअरसाठी लागणारा फोनो भाग आतच आहे आणि तो चांगला आहे. स्वतंत्र फोनो प्रीॲम्पचा खर्च वाचला. सुरुवातीला त्यावर घूं येत होतं, ते टर्नटेबलची अर्थची तार मी लावलीच नव्हती म्हणून. हेडफोन जॅकला आवाज स्पीकरच्याच आउटपुटवरून मोठ्या रेझिस्टरमधून येतो, त्यामुळे २५०-३०० ओहमचे हेडफोन त्यावर खुलतात आणि कमी ओहमच्या काहींचा खर्ज सैल होतो.

जाच एकच, पण रोजचा. त्या काळच्या ऑक्स (बाहेरच्या यंत्रासाठीच्या) इनपुटला १५० मिलिव्होल्टच्या आसपास पुरतं, आणि आजचे सीडी प्लेअर, डीएसी (डिजिटल फाइल ऐकू येणाऱ्या सिग्नलमध्ये बदलणारी यंत्रं) दोन व्होल्ट ओततात. नॉब आठच्या काट्यावरून नऊवर नेला की घर दणाणतं, आणि अगदी सुरुवातीला डावं-उजवं सारखं राहत नाही, कारण पॉटचा तो भाग असाच असतो. डीएसीचा आवाज सॉफ्टवेअरमधून वीसेक डेसिबल कमी केला, तेव्हा नॉबला फिरायला जागा मिळाली. रिमोट नाही, वर काही ठेवता येत नाही, जाळी मोकळी ठेवावी लागते. याची सवय झाली.

रेडिओसाठी मी तो घेतला नव्हता. पण जड फ्लायव्हीलचा ट्यूनिंग नॉब एका बोटाने भिरकावला की काटा तरंगत पार टोकाला जातो, आणि मी आता गाणी शोधण्याऐवजी ते करत बसतो. गेल्या आठवड्यात डायलमागचा दुसरा दिवा गेला. एलईडी लावून पाहिली होती, तिचा उजेड इस्पितळासारखा पडला म्हणून काढली, आणि जुन्या पद्धतीचे दिवे मागवले आहेत. तोवर डायलची डावी बाजू अंधारात आहे. मी ऐकतो ती दोन्ही स्टेशनं उजवीकडे आहेत.