अथेन्सची चिठ्ठी की स्पार्टाचा गलका?

अथेन्स आणि स्पार्टा ही प्राचीन ग्रीसमधली दोन नगरराज्यं. इ.स.पू. पाचव्या शतकातलं अथेन्स कारभार पाहणारं ५०० जणांचं मंडळ दरवर्षी चिठ्ठ्या टाकून नेमायचं. तिशी ओलांडलेल्या नागरिकाला संधी. पैसेवाल्यांची दादागिरी तिथेच अडायची.

स्पार्टात दोन राजे आणि साठीपुढचे २८ ज्येष्ठ, तेही तहहयात. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो, ज्येष्ठपदाचे उमेदवार सभेपुढून एकेक करून मुकाट्याने जात. शेजारच्या घरात कोंडून घेतलेले पंच फक्त आरडाओरडा ऐकत. ज्याच्या वेळी गलका मोठा, तो निवडून आला!

मला चिठ्ठीच पटते. पण बायकांच्या बाबतीत अथेन्स फार कोतं होतं. स्पार्टातल्या बायका स्वतःच्या नावावर जमीन बाळगत, व्यायाम करत. शेतात राबणारे हेलट मात्र तिथेही गुलामीतच पिचले.