धार लावून देतो म्हणाला आणि कात्र्याच घेऊन गेला: बागायतदारांनो, सावध राहा

द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर आमच्या शिवारात अवजारं दुरुस्त करणारा एक जण टेम्पो घेऊन फिरत होता. मला ३५,७०० रुपयांना बुडवून गेला. आता एप्रिलची खरड छाटणी जवळ आलीय. तो नाहीतर त्याच्यासारखा दुसरा निफाड-दिंडोरीकडे पुन्हा फिरणारच, म्हणून लिहितोय.

पद्धत तुम्हाला माहीत आहेच. आधी थोडं काम चोख करायचं, मग मोठा हात मारायचा. ठरलं होतं असं: वर्षाचे २,४०० रुपये, चार फेऱ्या, कात्र्या-करवतींची सफाई आणि धार. पहिल्या फेरीत त्याने कात्र्या खोलल्या, पात्यावरचा चीक रॉकेलने काढला, दगडावर पाणी टाकत धार लावली, नटात तेल सोडलं. काम खरंच चांगलं होतं. गावातल्या बऱ्याच जणांनी त्याच्याकडून करून घेतलं होतं, तेव्हा मी कुणा अनोळखी माणसाला डोळे झाकून पैसे दिले असं कुणी म्हणू नये.

दुसऱ्या फेरीत म्हणाला, "दादा, या चारही फेल्को कात्र्यांची पाती झिजलीत. ओरिजिनल टाकून आणतो." चार पात्यांचे ५,२०० आगाऊ घेतले. क्यूआर कोडवर नाव भलत्याच कुणाचं आलं. विचारलं तर "मेव्हण्याचं खातं आहे" म्हणाला. कुणाच्याही नावावर पैसे पाठवू नका, मेव्हणा असो नाहीतर भाऊ.

नंतर दोनच कात्र्या घेऊन आला. आजही माझं डोकं फिरतं ते इथे. पात्याची कड निळसर दिसत होती. ज्याने लोहाराच्या भात्याजवळ पाच मिनिटं घालवलीत त्याला हे कळतं: कोरड्या ग्राइंडरवर पोलाद तापलं की निळं पडतं, पाणी (कडकपणा) उतरतं, आणि मग धार दोन ओळीही टिकत नाही. पातं नवं असतं तर ग्राइंडरवर घ्यायची गरजच काय होती? माझीच जुनी पाती घासून परत आणली होती. मी विचारलंही. "नवीन कोटिंग आहे दादा." मजुरांची टोळी बागेत उभी, आभाळ भरून आलेलं, त्या धांदलीत कोण पातं उन्हात धरून बघत बसणार? त्याच दिवशी तो माझी १४,८०० ची बॅटरी कात्री "मोटर आवाज करतेय" म्हणून घेऊन गेला. ती गेली, प्रत्येकी ५,२०० च्या दोन फेल्को गेल्या, परत आलेल्या दोघींना १,४५० प्रमाणे नवी पाती टाकावी लागली. वर फोन बंद.

पोलीस ठाण्यात काय ऐकावं लागलं? "तुम्ही स्वतःच्या हाताने दिल्यात ना? मग चोरी कशी? दिवाणी मामला आहे." अरे, विश्वासाने सोपवलेली वस्तू हडप करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे, फसवणूक ३१८ मध्ये आहे! मग म्हणाले, तो राहतो तिथल्या ठाण्यात जा. तो कुठे राहतो हे मला माहीत असतं तर मी तुमच्याकडे आलो असतो का? गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, झिरो एफआयआर त्यासाठीच आहे. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर तक्रार घेतली, पण तोवर खातं रिकामं झालेलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला दुकानाचा पत्ता हवा, आणि टेम्पोला कसला पत्ता! कृषी कार्यालयात तर बसाही म्हणाले नाहीत. शेतकऱ्याने दारोदार फिरायचं आणि प्रत्येकाने पुढचं दार दाखवायचं.

पैसे गेले की त्याच तासाला १९३० लावा, ठाण्यात नंतर जा. ठाण्यात नोंद घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा, पावती जपा. अवजार बागेबाहेर जाऊ देऊ नका. द्यावंच लागलं तर नंबरासकट फोटो काढा, गाडीचाही काढा.

आणि धार घरीच लावा. कात्रीच्या उताराच्या बाजूनेच दगड फिरवायचा, सपाट बाजूवर फक्त पलीकडे वळलेली बारीक कड काढायला एकदा हलकेच. आकड्याला, म्हणजे समोरच्या वाकड्या पात्याला, धार लावायची नसते. चीक स्पिरिटने पुसा, मशीन ऑइलचा थेंब सोडा. त्याला काही २,४०० लागत नाहीत.

ज्यांनी ज्यांनी त्याला पैसे दिलेत त्यांनी पेमेंटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि माझ्यासोबत अर्जावर सही करा. लाजून गप्प बसू नका. एकट्याचा अर्ज फाइलमध्ये पडून राहतो, हे मी बघतोय.