ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स, दहावी आवृत्ती: आधी ‘रन’ काढून बघा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात इंग्रजीचा शब्दकोश घ्यायला गेलात, तर किंमत आणि जाडी नंतर बघा. आधी ‘रन’ काढा. कोशाचा कस या एका शब्दावर लागतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी (ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी) कोशकार पीटर गिलिव्हर यांनी या क्रियापदाच्या 645 अर्थछटा वेगळ्या केल्या, त्याला नऊ महिने लागले. खिशातल्या कोशात ‘धावणे, पळणे, चालवणे’ एवढ्यावर भागवलेलं असतं. मग ‘द गोदावरी रन्स थ्रू नांदेड’चं भाषांतर मुलं ‘गोदावरी नांदेडमधून धावते’ असं करतात.

‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ कोशाची 2020 ची ही आवृत्ती इथे उजवी ठरते ती मांडणीमुळे. क्रियापद वेगळं, नाम वेगळं. क्रियापदाच्या लांबलचक नोंदीत अर्थांच्या गटांवर छोटे इंग्रजी मथळे आहेत: यंत्र, बस-रेल्वे, व्यवस्थापन, द्रव, रंग, वर्तमानपत्र. सगळी नोंद वाचत बसू नका. वाक्यातला कर्ता धरा आणि पुढे कर्म आहे का ते बघा. ‘द कलर रॅन’मध्ये कर्ता रंग, म्हणजे रंगाचा मथळा, अर्थ, धुताना रंग गेला. ‘शी रन्स अ जिनिंग मिल’मध्ये कर्म आहे, म्हणून ‘टी’ची (सकर्मक) खूण असलेला व्यवस्थापनाचा अर्थ: जिनिंग चालवते. ‘तपोवन रन्स डेली’ला कर्म नाही, तिथे ‘आय’ (अकर्मक): गाडी रोज असते. ‘द बोअर रॅन ड्राय’ मात्र ‘होणे’च्या मथळ्याखाली मिळेल, कारण पुढे विशेषण आहे. बोअर आटला.

घोळ होतो तो पुढे. ‘रन’नंतर इनटू, आउट, अप आलं की मूळ अर्थांत शोधणं व्यर्थ, त्यांचा विभाग नोंदीच्या शेवटी अक्षरक्रमाने आहे. ‘रन अप अ बिल’ म्हणजे उधारी वाढवणे. ‘रन इनटू’नंतर माणूस आला तर अचानक गाठ पडणे, झाड आलं तर धडकणे. ‘डिझेल रॅन आउट’, पण ‘वी रॅन आउट ऑफ डिझेल’: संपणारी वस्तू कर्ता असेल तर ‘ऑफ’ नको, माणूस कर्ता असेल तर हवाच. हा फरक उदाहरणांवरून लगेच कळतो, म्हणून उदाहरणं गाळू नका. ‘रन रायट’ (बेफाम होणे) मात्र ‘रन’खाली सापडत नाही, ‘रायट’खाली आहे. तशी सूचना नोंदीतच दिलेली आहे, पण घाईत नजरेतून सुटते.

‘हॅज रॅन’ लिहिणाऱ्यांनी नोंदीच्या सुरुवातीची रूपं पाहावीत: रन, रॅन, रन. ‘हॅज’नंतर तिसरं रूप.

या कोशात मराठी अर्थ अजिबात नाहीत. व्याख्या सोप्या इंग्रजीत आहेत, तरी सहावी-सातवीच्या मुलांना जड जातात. त्यांच्यासाठी इंग्रजी-मराठी कोश सोबत ठेवा. मराठीत उतरवताना आधी ‘चालणे’ लावून बघा. दुकान, मशीन, क्लास, नाटक ही सगळी मराठीत चालतात.

जुनी प्रत घेत असाल तर ऑनलाइन वापराचा कोड आधीच वापरला गेलेला असू शकतो, त्याचे पैसे धरू नका. ‘रन’च्या पानावरचे मथळे पुसट दिसले तर ती प्रत सोडा. विकत घेणं जमत नसेल तर प्रकाशकाच्या संकेतस्थळावर ही नोंद उच्चारासह फुकट वाचता येते.