मोरोक्को की ट्युनिशिया? पहिल्यांदा उत्तर आफ्रिकेला जाताय तर

आठ-नऊ दिवसांचीच सुट्टी असेल तर सरळ ट्युनिशिया करा, दोन आठवडे मिळत असतील तरच मोरोक्को. माझं मत पक्कं आहे आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे अंतरं.

मोरोक्को साधारण 4.46 लाख चौ. किमी (पश्चिम सहारा न धरता), म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास दीडपट. नकाशात मराकेश आणि मेर्झूगाच्या वाळूच्या टेकड्या जवळ दिसतात पण मधे अख्खी ॲटलसची पर्वतरांग आडवी आहे, 2,260 मीटरवरचा तिझी न तिश्काचा घाट ओलांडून साडेपाचशे किमी जायचं, सकाळी निघालात तरी पोचेपर्यंत अंधार पडतो. तीन दिवसांच्या डेझर्ट टूरमधला बराचसा वेळ गाडीतच जातो, हे बुकिंगच्या आधी लक्षात घ्या. ट्युनिशिया 1.63 लाख चौ. किमी, सगळ्यात उंच डोंगर जेबेल शंबी 1,544 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षाही कमी (मोरोक्कोचा तुबकाल 4,167). त्यामुळे कार्थेज, कैरुआनची जुनी मशीद, एल जेमचं रोमन अँफिथिएटर, शोत एल जेरिदचं मिठाचं मैदान आणि दूझचं वाळवंट, हे सगळं आठवड्यात बसतं.

फिरायला मोरोक्कोत ट्रेन भारी, 2018 पासून टँजियर-कासाब्लांका हायस्पीड ट्रेन धावते, टँजियर-केनित्रा टप्प्यात ताशी 320 किमीच्या स्पीडने. ट्युनिशियात लुआज, म्हणजे शेअर व्हॅन. टाइमटेबल नाही, आठ सीट भरल्या की निघाली, लांबच्या गाडीवर लाल पट्टा असतो तो बघून बसायचं.

पण जुन्या शहरांच्या बाबतीत मोरोक्कोच्या फेझला तोड नाही, हे मान्यच. चामडं कमावायचे रंगीत हौद बघायला गच्चीवर जाताना दुकानदार हातात पुदिन्याची काडी देतो, कारण खाली कातडी मऊ करायला कबुतराची विष्ठा वापरतात आणि वास खरंच असह्य असतो. मराकेशमधे मात्र गाइड म्हणून मागे लागणारे फार, ट्युनिसच्या मदिनात (जुन्या शहरात) तेवढा त्रास नाही.

माणसं म्हणाल तर मोरोक्को पावणेचार कोटींच्या आसपास, ट्युनिशिया 1.2 कोटी. दोन्हीकडे अरबी आणि फ्रेंच, इंग्लिश मोरोक्कोत जरा जास्त चालतं. मोरोक्कोत अमाझिग (बर्बर) लोक खूप, 2011 च्या राज्यघटनेने त्यांच्या भाषेला अधिकृत दर्जा दिला, सरकारी पाट्यांवर ती लिपी दिसते. ट्युनिशियाने 1956 मधेच बहुपत्नीत्वावर बंदी घातली, मला या देशाबद्दल आदर वाटतो तो इथे.

पैशाचं बघितलं तर मोरोक्कोची गाडी जोरात आहे, फॉस्फेटचे जगातले सगळ्यात मोठे साठे त्यांचे (गोव्यातला झुआरीनगरचा खत कारखाना ज्या कंपनीकडे आहे तिच्यात मोरोक्कोच्या ओसीपी या सरकारी फॉस्फेट कंपनीचा पैसा आहे), शिवाय रेनॉचा कारखाना, टँजियरचं मोठं बंदर, टुरिझम. ट्युनिशियात ऑलिव्ह तेल, फॉस्फेट, पर्यटन आहे पण 2011 च्या क्रांतीनंतर अर्थव्यवस्था सावरलेली नाही, तरुण पोरं युरोपची वाट धरतात. प्रवाशाला त्यामुळे स्वस्त पडतं. दिनार देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून थोडे थोडेच बदला आणि पावती जपून ठेवा.

व्हेज खाणाऱ्यांनी ट्युनिशियात लबलाबी शोधावी. शिळ्या पावाचे तुकडे, वर गरम छोले, जिरं, हरिसा (लाल मिरचीची चटणी), ऑलिव्ह तेल, आपल्या मिसळीसारखीच झणझणीत, फक्त ट्यूना आणि अंडं नको म्हणून आधीच सांगा. मोरोक्कोत भाज्यांचं ताजीन (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) सगळीकडे मिळतं पण चौथ्या दिवशी कंटाळा येतो.

वाळवंट करायचंच असेल तर दोन्हीकडे मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर, जुलै-ऑगस्टला ट्युनिशियातल्या वाळवंटाकडच्या तोझरला जाऊच नका.