हालाँगची एक रात्र: आधी उपसागर निवडा, मग बोट

व्हिएतनामच्या सहलीत हनोईला जोडून हालाँगमध्ये एक रात्र क्रूझवर काढायची, हे आता ठरूनच गेलंय. माणशी साधारण १३० ते २५० डॉलर मोजले की बाल्कनीची खोली, चार वेळचं खाणं, गुहा, कयाक आणि बहुतेकदा हनोईपासून ने-आणही मिळते. सेवा म्हणून हा प्रकार फार नीट बसवलेला आहे आणि पैसे वसूल होतात. मात्र बोटीचे फोटो आणि तारे बघून बुकिंग करणारे बहुतेक जण एक प्रश्न विचारत नाहीत: बोट रात्री नांगर नेमका कुठे टाकणार? आपली रात्र कशी जाणार, ते याच उत्तरावर ठरतं.

‘हालाँग क्रूझ’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या उपसागरांतल्या फेऱ्या विकल्या जातात. मधला मूळ हालाँग क्वांग निन्ह प्रांतात आहे. युनेस्कोने १९९४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतला तो हाच. त्याच्या ईशान्येला बाय तू लाँग. दक्षिणेला कात बा बेटाला लागून लान हा. तो हायफाँगच्या हद्दीत येतो आणि २०२३ मध्ये कात बा द्वीपसमूहासह वारशाच्या यादीत आला. चुनखडीचे सुळके तिन्हीकडे तेच. फरक आहे तो गर्दीचा आणि पाण्याचा.

मूळ हालाँगमध्ये सुंग सोत गुहा आणि ‘ती तोप’ नावाचं बेट ही दोन मोठी आकर्षणं. दिवसभराच्या बोटी आणि मुक्कामाच्या बोटी तिथे एकाच वेळी येऊन थडकतात, त्यामुळे गुहेत रांगेने चालावं लागतं. रात्रीचा नांगर ठरवून दिलेल्या जागीच टाकायचा असल्याने आजूबाजूला दिव्यांनी उजळलेल्या बोटींचा घोळका असतो. गुहा मात्र खरोखर भव्य आहे. पहिल्याच खेपेला येणाऱ्याने, त्यातही गुहांची आवड असणाऱ्याने, ती चुकवू नये.

लान हामध्ये एवढी मोठी गुहा नाही, पण पाणी स्वच्छ, बोटी कमी आणि सुळके अधिक जवळ. पोहायचं असेल तर इथेच. मूळ हालाँगमध्ये पाण्यावर कचरा आणि मत्स्यशेतीच्या थर्मोकोलचे तुकडे तरंगताना दिसतात. साफसफाईच्या नावा रोज फिरतात, तरी ते पूर्ण जात नाही. बाय तू लाँग सगळ्यात शांत. तिथे वुंग विएंग या तरंगत्या मच्छीमार वस्तीत वल्ह्याच्या नावेतून नेतात. अशा वस्त्यांतली बहुतेक कुटुंबं २०१४ मध्ये सरकारने जमिनीवर हलवली, त्यामुळे नांदतं गाव दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. आमची पसंती सरळ लान हाला आहे. ज्येष्ठांना फारसं चढ-उतार नको असेल आणि निवांतपणाच हवा असेल तर बाय तू लाँग.

जाहिरातीत ‘दोन दिवस, एक रात्र’ असतं. प्रत्यक्षात बोटीवर जेमतेम २२ तास मिळतात. हनोईच्या जुन्या भागातून सकाळी आठच्या सुमारास लिमोझिन व्हॅन निघते. २०१८ मध्ये हायफाँग ते हालाँग द्रुतगती मार्ग सुरू झाल्यापासून चार तासांचा प्रवास अडीच तासांवर आला आहे. साडेअकरा-बाराला बंदरावर नोंदणी, मग छोट्या नावेतून मोठ्या बोटीवर किंवा थेट धक्क्यावरून चढणं, एक वाजता जेवण. दुपारी तीन ते पाच या वेळेत कयाक किंवा गुहा, सातला रात्रीचं जेवण. दुसऱ्या दिवशी सहा-साडेसहाला हलका नाश्ता, आठच्या आत शेवटची भटकंती, आणि साडेनऊला खोली रिकामी करायची. म्हणजे अंघोळ भटकंतीच्या आधी उरकलेली बरी, नाहीतर परत आल्यावर एकाच वेळी सगळ्या खोल्यांत गरम पाणी सुरू होतं आणि धार बारीक होते. दहाला ब्रंच, बाराच्या आत धक्क्यावर. हा वेग ज्यांना नको असेल त्यांनी दोन रात्री घ्याव्यात. मधला आख्खा दिवस लहान बोटीने दूरच्या भागात नेतात, आणि खरी मोकळीक तेव्हाच मिळते.

खोलीचा दर्जा ताऱ्यांवरून ओळखू नका. बुकिंगच्या संकेतस्थळांवर दिसणारे पाच-सहा तारे अनेकदा कंपनीने स्वतःच लावलेले असतात. विचारायचं ते हे: बोट कोणत्या वर्षी बांधली, शेवटची दुरुस्ती कधी झाली, एकूण खोल्या किती. वीसच्या आसपास खोल्यांची बोट सर्वांत सोयीची. चाळीस-पन्नास खोल्यांच्या बोटीत जलतरण तलाव आणि लिफ्ट मिळते, पण कयाकची पाळी यायला वेळ लागतो. खोली मागताना मधला किंवा वरचा मजला आणि लांबीच्या मध्यावरची जागा मागा. इंजिन आणि जनरेटर मागच्या बाजूला तळाशी असतात. रात्री इंजिन बंद होतं, जनरेटर मात्र वातानुकूलनासाठी रात्रभर चालू राहतो आणि तळमजल्यावरच्या मागच्या खोल्यांत त्याची घरघर उशीपर्यंत पोचते. अगदी पुढच्या खोल्यांना पहाटे नांगराची साखळी ओढल्याचा खडखडाट ऐकू येतो. उपाहारगृहाच्या वर-खालीही नको, कारण तिथे खुर्च्या सरकतात आणि कधी कारिओकेही रंगतो. ‘अमुक बाजूचा देखावा’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका: बोट नांगरावर वाऱ्याने आणि प्रवाहाने फिरत राहते, दोन्ही बाजूंना सगळं दिसतं. बाल्कनीसाठी मात्र वरचे पैसे जरूर मोजावेत. पहाटेचा तास तिथेच सत्कारणी लागतो.

बोट लागण्याची भीती असणाऱ्यांनी निर्धास्त राहावं. बेटांच्या दाटीमुळे लाटा आत शिरत नाहीत, ग्लासातलं पाणीही फारसं हलत नाही.

आता जेवण, कारण आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. मांसाहारी आणि मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे: तिसऱ्या, कोळंबी, वाफवलेला मासा, ग्रिल केलेले कालवं, सगळं ताजं. मसाला मात्र आपल्या मानाने सौम्य, तेव्हा लिंबू-मीठ-मिरीची वाटी आणि ताजी मिरची मागून घ्यावी. शाकाहारींनी नुसतं ‘व्हेजिटेरियन’ सांगून भागत नाही. माशाचं खारं पाणी म्हणजे न्युओक माम तिथल्या स्वयंपाकात मिठासारखं पडतं. भाजी शाकाहारी असते, तिच्यावरचा सॉस नसतो. योग्य शब्द ‘आन चाय’. बौद्ध परंपरेत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक घरांत असं जेवण होतं, त्यामुळे खानसाम्याला तो शब्द नेमका कळतो. पारंपरिक चाय जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, म्हणून जैन प्रवाशांचं काम वाटतं त्यापेक्षा सोपं होतं. मात्र बटाटा, गाजर, मुळा नको हे वेगळं लिहावं लागतं, कारण कंदमुळं टाळण्याची कल्पना तिथे नाही. अंडं, न्युओक माम, ऑयस्टर सॉस, हाडांचा रस्सा: जे जे चालत नाही त्याची यादी बुकिंगच्या वेळीच लेखी पाठवा आणि बोटीवर चढल्यावर व्यवस्थापकाला पुन्हा दाखवा. बोटीचा सगळा शिधा सकाळी बंदरावरून चढतो, दुपारी सांगितलं तर फार काही करता येत नाही.

ठरलेल्या थाळीच्या बोटीवर शाकाहारींना स्वतंत्र ताटं मिळतात आणि ती चांगली असतात: टोफू, मशरूम, कमळाचे दाणे, सूप. बुफेच्या बोटीवर शाकाहारी भाग लहान असतो. २०२४ मध्ये व्हिएतनामला सुमारे ५ लाख भारतीय गेले, त्यामुळे काही बोटींवर डाळ-भात-पनीर आता मिळतं. पण गट मोठा असेल तरच ते नीट जमतं. स्प्रिंग रोल बनवायला शिकवतात तेव्हा सारणात बहुधा डुकराचं मांस असतं, हेही आधी सांगून भाज्यांचं सारण मागवता येतं. पेयं दरात धरलेली नसतात. साधी बिअरही हनोईच्या कित्येक पट महाग पडते, आणि बाहेरची बाटली आणली तर ती उघडण्याचे पैसे लावतात.

कयाक दोघांची असते, बसल्यावर कंबरेखालचं सगळं भिजतं, म्हणून चटकन वाळणारी चड्डी आणि फोनला जलरोधक पिशवी हवी. इथली भरती-ओहोटी कोकणासारखी दिवसातून दोनदा होत नाही. चोवीस तासांत एकच भरती आणि एकच ओहोटी, पण फरक तीन-चार मीटरपर्यंत जातो. लान हामधल्या अंधार-उजेड गुहेची किंवा हालाँगच्या लुओन गुहेची कमान पूर्ण भरतीला इतकी ठेंगणी होते की कधी फेरीच रद्द करावी लागते. त्यात बोटवाल्याचा दोष नसतो. वल्हवता येत नसेल तर स्थानिकांच्या बांबूच्या नावेत बसावं. ती सहसा त्याच पैशांत असते. ‘ती तोप’ बेटाच्या माथ्यावर जायला चारशेच्या वर पायऱ्या आहेत, खड्या आणि पावसात निसरड्या. गुडघे दुखत असतील तर खालच्या पुळणीवर थांबावं. सुंग सोतमध्येही शेकडो पायऱ्या आहेत आणि वाट एकाच दिशेची, मधून परत फिरता येत नाही. ताय चीचा व्यायाम आणि रात्री गळ टाकून माकूळ पकडणं टाळलंत तरी काही बिघडत नाही.

महिना निवडताना ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर सर्वांत चांगले. दिवाळीची सुट्टी छान जमते. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुकं आणि बारीक रिमझिम असते, सूर्यास्ताचा प्रश्नच येत नाही, सुळके मात्र सुंदर दिसतात. डिसेंबर-जानेवारीत डेकवर जाड स्वेटर लागतो. मे महिन्याच्या सुट्टीत उकाडा आपल्याकडच्यासारखाच. जून ते सप्टेंबर हे वादळांचे महिने: सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने या किनाऱ्याची आणि बोटींची मोठी हानी केली. १९ जुलै २०२५ ला अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात दिवसाच्या फेरीची एक पर्यटक बोट हालाँगमध्ये उलटली आणि तीसहून अधिक माणसं दगावली. म्हणून बंदर प्रशासनाने फेरी रद्द केली तर वाद घालू नये. निघण्याआधी रद्द झाल्यास पूर्ण परतावा आणि मधूनच परतावं लागल्यास किती, हे बुकिंगआधी लेखी घ्यावं. खोलीत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे लाइफ जॅकेट कुठे आहे आणि डेकवर जायचे दोन रस्ते कोणते, ते पाहणं. छोट्या नावेत जॅकेट घालायचंच.

मोठी बॅग हनोईच्या हॉटेलात ठेवा, ते सहसा पैसे न घेता सांभाळतात. बोटीवर पाठीवरची एक पिशवी पुरते. सप्टेंबर २०१९ पासून उपसागरातल्या पर्यटनात एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी आहे, म्हणून पाण्याची स्वतःची बाटली न्या, बोटीवर भरून मिळते. पासपोर्ट मूळच लागतो, छायाचित्र चालत नाही. ई-व्हिसावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळलेलं हवं. एकाच प्रवेशाच्या व्हिसाचं शुल्क २५ डॉलर आहे.

परतीची व्हॅन हनोईत दुपारी तीन-साडेतीनला पोचते, रस्त्यात मोत्यांच्या दुकानात थांबली की चारला. विमानतळ शहराच्या उत्तरेला आणखी पाऊण तासावर. त्यामुळे त्या दिवशी रात्री नऊच्या आधीचं विमान घेऊ नका. पावसाळी महिन्यांत तर क्रूझ सहलीच्या शेवटी ठेवूच नका: फेरी एक दिवस पुढे ढकलली गेली, तर ती सामावून घ्यायला नंतर हनोईचा एखादा मोकळा दिवस हवा.